गच्चीवरची दुर्बीण

शाळेच्या स्मरणिकेसाठी आपल्या तुकडीने काही लिहून पाठवावे, असे पत्र आले तेव्हा आम्ही पाचजण पाच गावी विखुरलेलो होतो. वसतिगृह, भोजनगृह, पहाटेची घंटा, आम्हाला घडवणारे शिक्षक यांवर आमच्याहून चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला लिहायचे होते ते गच्चीवरच्या दुर्बिणीबद्दल. खरे सांगायचे तर त्या दुर्बिणीच्या निमित्ताने आमच्या हातून एका सोबत्यावर झालेल्या अन्यायाबद्दल. तो आमच्यातला सहावा. हा मजकूर त्याला फोनवर वाचून दाखवला. नाव घालू नका, एवढेच तो म्हणाला. आणि पेटी दोन नव्हे, तीन पायऱ्या घसरली होती, अशी एक दुरुस्ती त्याने सुचवली. ती मान्य करून पुढे लिहीत आहोत.

2012 सालच्या डिसेंबरात आम्ही नववीत होतो. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने पाच इंच व्यासाची संगणकीय दुर्बीण भेट दिली. तोवर आम्ही दुर्बीण पाहिली होती ती पुस्तकातल्या चित्रात, लांबलचक नळीची. ही नळी हातभरही नव्हती. आत आलेला प्रकाश आरशांवरून दोनदा परतवला जातो, त्यामुळे 1250 मिलिमीटरचे केंद्रांतर एवढ्याशा नळीत मावते, असे सरांनी फळ्यावर काढून दाखवले. 25 मिलिमीटरची नेत्रिका लावली की 50 पट, 10 मिलिमीटरची लावली की 125 पट. हा भागाकार आम्ही पुढे कितीतरी पाहुण्यांना ऐटीत करून दाखवला. नळी एकाच बाहूवर बसवलेली. त्या बाहूत दोन मोटारी: एक दुर्बिणीला आडवी फिरवणारी, दुसरी वरखाली करणारी. आठ सेल घातले आणि रिमोटवरची कळ दाबली की ती स्वतःहून वळत असे.

मात्र वळण्याआधी तिला काही गोष्टी सांगाव्या लागत. आकाशातल्या हजारो वस्तूंच्या जागा तिच्या स्मृतीत भरलेल्या असतात. पण आपण पृथ्वीवर कोठे उभे आहोत, आज तारीख कोणती, वाजले किती आणि आपले तोंड कोणत्या दिशेला आहे, यांपैकी काहीच तिला ठाऊक नसते. म्हणून अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि प्रमाणवेळेतला फरक हे सारे रिमोटवर भरायचे. मग ती त्या वेळी क्षितिजाच्या वर असलेल्या तेजस्वी ताऱ्यांची यादी दाखवते. त्यांतला एक आपण निवडायचा आणि कळांनी दुर्बीण फिरवून तो नेत्रिकेच्या मध्यावर आणायचा. दुसरा तारा ती सुचवते आणि अंदाजाने त्याच्याकडे वळते. तोही आपण नीट मध्यावर आणून द्यायचा. एवढ्यावरून ती उरलेल्या आकाशाची मांडणी करते. या सगळ्याला आम्ही जुळणी म्हणत असू.

27 डिसेंबरच्या संध्याकाळी दात्यांनी स्वतः जुळणी करून दिली. चंद्र पौर्णिमेला आलेला होता, त्यामुळे अंधुक असे काही दिसणार नव्हते. परंतु गुरू दिसला, त्याचे पट्टे दिसले, दोन्ही बाजूंना एका ओळीत त्याचे चंद्र दिसले. भोजनगृहातल्या मावशी डोळा लावून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कण्या सांडल्यागत दिसतंय की!" दुसऱ्या दिवशी सकाळी दाते निघून गेले. जाण्यापूर्वी अर्धा तास त्यांनी सगळे समजावून सांगितले. ते आम्हाला त्या अर्ध्या तासापुरते समजलेही होते.

सरांनी एक वही घातली. रोज रात्री वेळ काय, कोणी काय भरले, यंत्राने कोणत्या ताऱ्यांची यादी दाखवली, पुढे काय झाले, सारे तिच्यात लिहायचे. यादीत नावे परकी येत. आमची रोहिणी तिथे अल्डेबरान होती, ब्रह्महृदय कॅपेला, चित्रा स्पायका, स्वाती आर्क्ट्युरस, अभिजित व्हेगा. सरांनी दोन रकान्यांचा तक्ता करून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आणि वहीत नावे मराठीतच लिहायची असा दंडक घातला. थंडीत बोटे आखडलेली असताना हे लिखाण आम्हाला जाचक वाटे, आणि तसे आम्ही बोलूनही दाखवत असू.

4 जानेवारीला दुर्बिणीची पेटी कार्यालयातून प्रयोगशाळेत न्यायची होती. आमच्या सहाव्या सोबत्याने ती उचलली. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात ते थेट उन्हाळ्यात परतत. लहानपणी तोही त्यांच्याबरोबर फडावर राहिलेला. आमच्यात अंगाने तोच दणकट, म्हणून जड वस्तू नेहमी त्याच्याकडे. जिन्यात त्याचा पाय घसरला आणि पेटी तीन पायऱ्या घरंगळली. आत जाड स्पंज होता. काच फुटली नाही, काही वाकलेले दिसले नाही. कोणी पाहिलेही नव्हते. तो स्वतःच सरांकडे जाऊन सांगून आला. सर म्हणाले, उद्या लावून बघू.

5 तारखेला संध्याकाळची वंदना आणि जेवण उरकून साडेआठच्या सुमारास आम्ही गच्चीवर गेलो. आकाश स्वच्छ होते, चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवणार नव्हता. सगळे आकडे भरले. यंत्राने यादी दाखवली; तीत मघा, चित्रा, स्वाती अशी नावे होती. त्यांतले एकही आम्हाला वर दिसत नव्हते. ब्रह्महृदय होते, ते ईशान्येला झळकत होते, म्हणून ते घेतले. दुसरा तारा म्हणून यंत्राने चित्रा सुचवली, मोटारींनी घरघर केली, नळीने मोठा फेरा घेतला आणि आकाशाच्या एका रिकाम्या तुकड्याकडे तोंड करून ती थांबली. चित्रा तर रात्री एक वाजून गेल्यावर उगवणार होती. पुन्हा केले, पुन्हा तेच. 6 तारखेला सेल बदलले, तिवई पाणसळ लावून सपाट केली, अक्षांश-रेखांश दोनदा तपासले. या वेळी यादीत चित्रा, स्वाती, ज्येष्ठा. 7 तारखेला चाचणी परीक्षा होती. 8 तारखेला स्वाती, ज्येष्ठा, अभिजित, श्रवण. ओळखीचे एकही नाव डोक्यावरच्या आकाशात नव्हते.

यंत्र रोज वेगळेच आकाश सांगत होते. पडल्यामुळे त्याचा मेंदू हलला, असे आमच्यातला एकजण म्हणाला. ते वाक्य आम्हाला फार आवडले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते दुर्बिणीबद्दल न राहता पाडणाऱ्याबद्दल बोलले जाऊ लागले. आठ तारखेच्या रात्री तो तिवईचा पाय धरून बसला होता. तू खाली जा, आणखी काही मोडेल, असे आम्ही त्याला सांगितले. कोणा एकाने सांगितले आणि बाकीच्यांनी ऐकून घेतले, असे लिहिता आले असते. तसे ते झाले नाही. आम्ही पाचहीजणांनी सांगितले. तो उठून गेला. त्यानंतर भोजनगृहात तो धाकट्या मुलांच्या पंगतीला बसू लागला. सरांनी त्याला एका शब्दाने दुखावले नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

सरांनी विक्रेत्याला फोन केला. यंत्र मुंबईला पाठवा, पाहून खर्च कळवू, असे उत्तर आले. पाठवण्याचाच खर्च शाळेला जड होता, आणि भेट दिलेली वस्तू आठ दिवसांत मोडली हे दात्याला कोणत्या तोंडाने सांगायचे, हा प्रश्न होताच. 26 जानेवारीला पालक यायचे होते. त्यांना दुर्बीण दाखवायची हे आम्ही पत्रांतून आधीच घरोघर कळवून बसलो होतो.

13 तारखेला, रविवारी, पेटीत घालून ठेवण्यापूर्वी एकदा शेवटचे म्हणून सरांनी ती गच्चीवर लावायला सांगितली. त्या रात्री तर यंत्र तारीखच घेईना. 13 दाबले की ते नकार देई. कळाही गेल्या, असे आम्ही जाहीर केले. सरांनी मात्र वही मागितली, मागची पाने उलटली, आणि आम्हाला न विचारता एकाला पाठवून आमच्या सहाव्या सोबत्याला वर बोलावून घेतले. पेटी कशी पडली, कोणत्या बाजूवर पडली, ते त्यांना त्याच्याकडून ऐकायचे होते. सांगून झाल्यावर तो विजेरीच्या उजेडात वही वाचत उभा राहिला. पाच तारखेच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाला, "सर, हे टोळी परतते तेव्हाचं आभाळ आहे."

कोणाला काही उलगडले नाही. मग त्याने सांगितले: पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की, माणसे गावाकडे निघतात. एप्रिलची अखेर, फार तर मे. ट्रॉलीत सामानावर बसून दिवस मावळल्यावर पूर्वेकडे पाहिले की एक तांबूस मोठा तारा समोर असतो, आणि त्याच्या उजव्या हाताला खाली एक पांढरा. नावे त्याला तेव्हा ठाऊक नव्हती. सरांच्या तक्त्यावरून आणि पुठ्ठ्याच्या फिरत्या नकाशावरून ती त्याला कळली. तांबूस ती स्वाती, पांढरी ती चित्रा. यंत्र बिघडलेले नाही, ते मे महिन्यातले बोलते आहे, असे त्याचे म्हणणे होते.

सरांनी वही घेतली. पाच तारखेला मेचे आकाश, सहाला जूनचे, आठला ऑगस्टचे. पाचवा महिना, सहावा, आठवा. आणि तेरा? तेरावा महिना नसतो, म्हणून नकार.

यंत्र ज्या देशाच्या रिवाजाने बनले तेथे आधी महिना लिहितात आणि मग तारीख. आम्ही 5 जानेवारी म्हणून भरलेले त्याने 1 मे म्हणून वाचले होते. बारा तारखेपर्यंत अशी चूक झाकली जाते, कारण दोन्ही आकडे महिन्याचेही असू शकतात. दात्यांनी 27 डिसेंबरला स्वतःच्या हाताने भरले होते, त्यामुळे तेव्हा हा प्रश्नच उद्भवला नव्हता. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने एकाच घटिकेला दिसणारे आकाश रोज जवळजवळ एक अंश पश्चिमेकडे सरकते. 5 जानेवारी ते 1 मे हे 116 दिवस. म्हणजे आमच्या आणि यंत्राच्या आकाशात सुमारे 114 अंशांचे अंतर पडले होते. घड्याळात एक तासाची चूक केली असती तरी ती 15 अंशांचीच झाली असती. हा हिशेब सरांनी तेथेच, विजेरी तोंडात धरून, वहीच्या मागच्या पानावर केला. ते पान आम्ही पुढे कित्येकदा पाहिले आहे.

तारीख नीट भरली तेव्हा यादीत रोहिणी आली, व्याध आला, ब्रह्महृदय आले. आमच्यात एकदम उत्साह संचारला आणि त्या उत्साहाच्या भरात आम्ही पुढची चूक केली. पहिला तारा रोहिणी घेतला. ती जवळजवळ डोक्यावर होती. शोधकातून पाहायला मान मोडून गुडघ्यांवर बसावे लागत होते. शोधकाच्या मध्यावर रोहिणी आणली, तरी नेत्रिकेत काळोखच. मग थोडे इकडे, थोडे तिकडे करता करता जे झगझगीत काही आत आले, ते रोहिणी मानून आम्ही कळ दाबली. तिघांनी एकामागून एक डोळा लावून निर्वाळा दिला. दुसरा तारा दाखवल्यावर यंत्राने जुळणी फसल्याचे कळवले. कोणत्याही दोन ताऱ्यांमध्ये किती अंश असतात हे त्याला पाठ असते. आपण दाखवलेल्या दोन तेजांमधले अंतर त्या आकड्याशी जमले नाही, तर ते मानत नाही. यंत्राचा हा हट्ट आम्हाला पुढे फार उपयोगी पडला.

या वेळी तो आमच्या मागे उभा होता. कोणी त्याला या म्हटले नाही. सरकून जागा मात्र दिली. त्याने डोळा लावला आणि केंद्र जुळवण्याचा खटका हळूहळू फिरवला. तारा असेल तर आक्रसत आक्रसत त्याचा बिंदू होतो. हा बिंदू होईना. लहानशी चकतीच राहिली, आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपके उमटले. त्या जानेवारीत गुरू रोहिणीपासून पाच-सहा अंशांवर होता आणि तिच्याहून कितीतरी तेजस्वी. सतरा दिवसांपूर्वी ज्याचे चंद्र पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच गुरूला आम्ही तिघांच्या साक्षीने रोहिणी ठरवले होते.

पण शोधकात रोहिणी असताना नेत्रिकेत काळोख का? त्याचे कारण मात्र ती पडझडच होती. पेटी घसरली तेव्हा वरचा लहान शोधक आपल्या जागेवर किंचित कलला होता. 50 पटीच्या नेत्रिकेत आकाशाचा जेमतेम एक अंश मावतो. शोधक दीड अंशाने जरी ढळला तरी त्यात मध्यावर आणलेली वस्तू नेत्रिकेबाहेर राहते. म्हणजे त्याच्या हातून काहीच झाले नव्हते असे नव्हे. झाले होते ते एवढे: दुसऱ्या दिवशी दुपारी, सूर्याकडे पाठ करून, दूरच्या मोबाइल मनोऱ्याचे टोक आम्ही नेत्रिकेत आणले आणि शोधकाचे दोन स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्याही मध्यावर आणले. दहा मिनिटे लागली असतील. मुंबईला पाठवायची पेटी बांधण्यासाठी आणलेली सुतळी प्रयोगशाळेत पुष्कळ दिवस पडून होती.

14 तारखेच्या रात्री ब्रह्महृदय आणि व्याध घेतले: एक उत्तरेकडे, एक दक्षिणेकडे, दोघांत भरपूर अंतर, दोघेही डोक्यापासून दूर, आणि दोघांच्याही शेजारी फसवणारे कोणी नाही. दात्यांनी सांगितलेली एक खुबीही तेव्हा आठवली: तारा मध्यावर आणताना शेवटची हालचाल नेहमी त्याच दोन कळांनी करायची, वर आणि उजवीकडे, म्हणजे दातेरी चाकांतली सैल जागा एकाच अंगाला दाबली जाते. यंत्राने जुळणी झाल्याचे सांगितले. सरांनी मृगातला तेजोमेघ मागितला. नळी वळली, मंद झाली, थांबली. ज्याला आम्ही लहानपणापासून तिकांडे म्हणत आलो, त्याच्या खालचा तो धूसर पुंजका नेत्रिकेच्या बरोबर मध्यावर होता. फुंकर घातल्यासारखा, आणि त्याच्या पोटात दाटीने बसलेले चार तारे. पहिला डोळा कोणी लावायचा यावरून आमच्यात नेहमी ढकलाढकली होई. त्या रात्री झाली नाही. आम्ही त्याला पुढे केले. तो पाहत राहिला आणि आम्ही थंडीत उभे राहिलो.

आम्ही त्याची क्षमा मागितली असे लिहावेसे वाटते; पण ती मागितली नव्हती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ते शब्द सापडत नाहीत, किंवा सापडले तरी तोंडातून निघत नाहीत. दुर्बीण दोन रात्रींत जुळली. भोजनगृहात तो आमच्या पंगतीला परत आला तो फेब्रुवारी सरता सरता. तोवर रोज त्याच्यासाठी ताट मांडून जागा धरायची एवढे आम्ही केले, आणि तो रोज धाकट्या मुलांत जाऊन बसला. मेंदू हलल्याचे ते वाक्य पुन्हा कोणी उच्चारले नाही.

26 जानेवारीला पालक आले. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, चंद्र टिपूर. पूर्ण चंद्रावर सावल्या पडत नाहीत, त्यामुळे खळगे उठून दिसत नाहीत, सगळे चुन्याच्या भिंतीसारखे सपाट दिसते. शिवाय प्रत्येकाला शनी हवा होता आणि शनी उगवणार होता रात्री एकच्या सुमारास. उरला गुरू, तोही आठ वाजता थेट डोक्यावर. अशा जागी असलेल्या वस्तूचा माग काढताना या दुर्बिणीची तारांबळ उडते, कारण वरची वस्तू थोडी हलली तरी खालच्या मोटारीला मोठा फेरा घ्यावा लागतो. तास-दीड तास आम्ही रांगेला गोष्टी सांगून थोपवून धरले. नऊनंतर गुरू पश्चिमेकडे झुकू लागला आणि दुर्बीण शांत झाली. त्याच्या घरचे कोणी आले नव्हते. फडावरून येणे शक्यच नव्हते. तो साडेदहापर्यंत दुर्बिणीजवळच उभा होता. आमच्यापैकी एकाच्या आजीला डोळा कुठे लावायचा ते कळेना, तेव्हा त्याने तिची हनुवटी अलगद धरून नेत्रिकेपाशी नेली. आजीने पाहून झाल्यावर विचारले, "तू कोणाचा रे?" आमचा सोबती चटकन म्हणाला, "आमचाच आहे, आजी." तो काही बोलला नाही.

त्याच महिन्यात त्याने प्रथमोपचाराच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी कापून रिमोटच्या पाठीवर लावली आणि शाईच्या पेनाने तिच्यावर लिहिले: आधी महिना, मग तारीख.

सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला गुरूला सुमारे 12 वर्षे लागतात. त्यामुळे 2025 च्या जानेवारीत तो पुन्हा रोहिणीजवळ आला होता. आमच्यापैकी एकजण त्या महिन्यात शाळेत गेला असता रात्री गच्चीवर दुर्बीण लावलेली होती. सेलच्या जागी आता वायरने वीज येते. रिमोटवरची पट्टी पिवळी पडली आहे. अक्षरे पुसट झाल्यावर कोणीतरी ती निळ्या पेनाने पुन्हा गिरवली आहेत. नववीतला एक मुलगा आकडे भरत होता. तारीख होती 11 जानेवारी. त्याने आधी 01 दाबले, मग 11. पहिला तारा म्हणून त्याने ब्रह्महृदय घेतले. रोहिणी एवढी वर दिसते आहे, ती का घेत नाहीस, असे आमच्या सोबत्याने मुद्दाम विचारले.

मुलाने वर न पाहताच उत्तर दिले, "शेजारी गुरू आहे ना, काका."